आज कन्व्हर्ट हाय, दळण उद्या

केजच्या बाजारात ज्या गल्लीत आमचा लग्नाच्या व्हिडिओंचा स्टुडिओ होता, त्या गल्लीतल्या बायका दळणाचा डबा घेऊन निघाल्या की आधी आमच्या दारात डोकवायच्या. "मामा, आज हाय का?" असं विचारायच्या. मामा आतून "हाय" म्हणाले की डबा तसाच परत घरी जायचा आणि त्या घरात त्या दिवशी भाकरीऐवजी खिचडी शिजायची.

'हाय' म्हणजे कन्व्हर्ट. हे कन्व्हर्ट काय असतं ते त्या बायकांना माहीत नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं, की आमच्या भिंतीला भिंत लावून चाचांची पिठाची गिरणी आहे, गिरणी सुरू झाली की गल्लीतली लाईट खाली बसते, आणि लाईट बसली की मामांचा कॉम्प्युटर बंद पडतो. मग मामा रस्त्यावर येऊन जे काही बोलायचे, ते ऐकण्यापेक्षा खिचडी परवडली. चाचा भला माणूस. लग्नसराईत ते गिरणीच्या दारावर खडूनं लिहून ठेवायचे, 'आज कन्व्हर्ट हाय, दळण उद्या.' मला म्हणायचे, "क्या करना बेटा, तुमारे मामा की एक शादी अन् मेरे सारे डब्बे."

मामांकडे यूपीएस नव्हता का, असं शहाणी माणसं विचारतात. होता. त्याची बॅटरी कधीच मेली होती आणि मामा त्यावर पाय ठेवून बसायचे. नवी बॅटरी घ्या म्हटलं, की त्यांना तेवढ्या पैशात एक हार्ड डिस्क दिसायची.

सगळं केज त्यांना मामा म्हणायचं. त्यांच्यापेक्षा वयानं मोठी माणसंसुद्धा. मी कॉलेज संपवून परीक्षांचे फॉर्म भरत घरी बसले होते, आणि घरात बसलेल्या पोरीला जे जे ऐकावं लागतं ते ऐकून घेत होते. एडिटिंगचा एक क्लास बीडला केलेला होता. वडिलांनी एक दिवस मला मामांपुढे नेऊन उभं केलं. मामांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एकच विचारलं, "दम निघंल का?" मला वाटलं कामाचा दम. त्यांना वाट बघायचा दम म्हणायचं होतं, हे नंतर कळलं.

पहिल्याच दिवशी मी कॅमेऱ्याचं कार्ड लावलं, त्यातली फाईल उचलली आणि सरळ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली. मागून असा आवाज आला, की मला वाटलं कुणाला विंचूच चावला.

"अगं ए पोरी! कच्चंच खाती का काय?"

पडद्यावर नवरी उडी मारून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात चालली होती. नवरदेव हार घालायला हात वर करून जो अडकला होता तो अडकलाच होता. मामांनी माझ्या हातातून माऊस काढून घेतला, उलटा केला, आपल्या टोपीनं झाकला आणि मला समोर बसवून कन्व्हर्टचं ज्ञान दिलं. ते नंतर मी त्यांना गिऱ्हाइकांपुढे इतक्या वेळा देताना ऐकलं, की झोपेतही म्हणून दाखवीन.

"आपली ऊसतोडीची मंडळी कारखान्याला निघती, तवा त्यांची गाडी बघितलीस का? भांडी, गोधड्या, कोंबड्या, म्हातारी, समदं एका गाडीत दाबून. आता म्हण, त्यातली तेवढी परात काढून द्या. निघंल? आदी गाडी खाली करावी लागती. कॅमेरा बी तसाच. एवढुशा कार्डात आख्खं लग्न कोंबतो. लबाड हाय त्यो. एक फोटो पुरा ठिवतो, अन् म्होरच्या फोटोंत नुसतं लिहितो, हात हालला, मान हालली, बाकी मागल्यावानीच. आता तू मधलाच फोटो मागितलास, तर कॉम्प्युटर मागं पळतो, म्होरं पळतो, दमतो अन् बसतो. म्हणून आदी गाडी खाली करायची. त्याला म्हणायचं कन्व्हर्ट. मंग कात्री."

हे सगळं खरं होतं. अडचण एवढीच, की गाडी खाली केली की सामान ठेवायचं कुठं? कार्डातली चिमूटभर फाईल कन्व्हर्ट झाली की भिजवलेल्या साबुदाण्यासारखी फुगायची. मामा काहीच पुसत नसत. एडिट करून, व्हिडिओ देऊन, गिऱ्हाइकाची पोरं शाळेत जायला लागली तरी आईबापांच्या लग्नाचं सगळं कन्व्हर्ट मामांकडे शाबूत. कॅमेरा बंद करायचं विसरल्यामुळे निघालेले नुसते पाय, नुसती वाळू, कुणाच्या तरी पाठीचा अर्धा तास, सगळं. हार्ड डिस्का कपाटात मावेनात म्हणून ज्वारीच्या कोठीत गेल्या. मामी वैतागून म्हणायच्या, "आमच्या घरात दाणे कमी अन् वराती जास्ती झाल्यात."

त्या हार्ड डिस्का लावायची मामांची तऱ्हाही त्यांचीच होती. आडनावं तीच ती, गावं तीच ती, तारखा त्यांच्या लक्षात राहत नसत. लक्षात राहायचं ते जेवण. म्हणून फोल्डरला नाव जेवणाचं. 'वांगं, तिखट.' 'बालूशाही, कडक.' 'जिलेबी, उशिरा आली.' कुणी जुनं गिऱ्हाईक येऊन म्हणालं, की मामा, माझ्या बहिणीच्या लग्नाची आणखी एक कॉपी द्या, की मामा डोळे मिटून विचारायचे, "तुमच्यात गोड काय व्हतं?" गिऱ्हाईक गडबडून म्हणायचं, लाडू. "बुंदीचे का रव्याचे?" गिऱ्हाईक घरी फोन लावायचं. घरात भांडण लागायचं. शेवटी म्हातारीनं सांगितलं की रव्याचे, की मामा बरोब्बर डिस्क काढायचे. मी एकदा सगळ्याला नीट नावं आणि तारखा घालून दिल्या. मामांना त्यानंतर आठवडाभर काहीही सापडलं नाही आणि मला सगळं परत जेवणावर आणून ठेवावं लागलं.

कन्व्हर्ट सुरू करण्याआधी उदबत्ती लागायची. कॉम्प्युटरचं एका बाजूचं झाकण काढून टेबलफॅन त्याच्या पोटात सोडलेला असायचा. आम्ही दोघं आलेल्या लग्नपत्रिकांनी वारा घेत बसायचो. आणि समोर ती हिरवी पट्टी हळूहळू सरकायची. मामांचं सगळं जगणंच त्या पट्टीसारखं झालं होतं. मामी जेवायला हाक मारायच्या तेव्हा आतून उत्तर यायचं, "सत्तर टक्के!" कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं का विचारलं तर "ऐंशीवर अडकलंय" म्हणायचे. एकदा तापानं फणफणले होते, डॉक्टरांनी कसं वाटतंय विचारलं, तर म्हणाले, "चाळीस झालंय, पर मशीन गरम हाय." त्या पट्टीखाली किती वेळ बाकी आहे ते लिहून यायचं आणि ते कधीच खरं नसायचं. मामांना त्याचा राग नव्हता. म्हणायचे, "येष्टीची चौकशी बी आसंच सांगती. आपुन काय येष्टी सोडली का?"

फोननं काढलेल्या व्हिडिओवर मात्र त्यांचा मनापासून राग होता. "फोनला शिस्त न्हाई बे," असं ते नवरदेवाच्या भावांना सुनवायचे. "उजेड आसला की पटापटा फोटो काढतो, अंधार पडला की दमानं काढतो. त्येच्या मनाचा राजा. आदी त्याला एका चालीत आणावं लागतं." शेजारच्या गल्लीत एक नवा स्टुडिओ निघाला होता. तिथं फोनच्या क्लिपा तशाच उचलून लावायचे. एका लग्नात त्यांचा आवाज मागं आणि चित्र पुढं असं सरकत सरकत गेलं. व्हिडिओत आधी अक्षता पडल्या, नवरा-नवरीनं हार घातले, आणि मग भटजींनी सावकाश 'सावधान' म्हटलं. नवरदेवाची आजी हटून बसली, की हे लग्न लागलेलंच नाही, परत लावा. मामांनी ही बातमी ऐकली त्या दिवशी गल्लीत सगळ्यांना चहा पाजला. असा हा दुष्टपणाही त्यांच्यात होता.

आमच्या लोकांची लग्नं त्यांना आवडायची. माझ्या थोरल्या भावाच्या लग्नाचं शूटिंग त्यांनीच केलं. चप्पल काढून, बुद्धवंदना संपेपर्यंत श्वास रोखल्यासारखे कॅमेऱ्यामागे उभे होते. नंतर वडिलांना म्हणाले, "तुमच्यात एक बरं हाय. मुहूर्ताचं लफडं न्हाई, टायमावर लग्न लागतं, कार्ड पुरतं. निस्ती भाषणं तेवढी आवरा." वडील स्वतः चाळीस मिनिटं बोलले होते. त्यांनी आठ दिवस मामांशी अबोला धरला.

सांगायचं म्हणजे, मामांना एकाच गोष्टीचा अभिमान होता. स्टुडिओच्या बोर्डावर नावाखाली त्यांनी पेंटरकडून लिहून घेतलं होतं, 'आमच्याकडे एकही फ्रेम हरवत नाही.' कपडे कसेही, घर कसंही, उधारी बुडवणाऱ्याला हसून सोडून देणार. पण त्या ओळीवर कुणी बोट ठेवलेलं त्यांना खपत नसे.

आणि मग ते फेट्याचं प्रकरण झालं.

मांजरसुंब्याच्या फाट्यावर एकाचं चहा-नाश्त्याचं हॉटेल होतं. आम्ही त्यांना हॉटेलवालेच म्हणायचो. त्यांची एकुलती लेक त्या उन्हाळ्यात युसूफ वडगावला दिली. हॉटेलमागच्या रानात मांडव, उन्हाचा कहर, आणि मुहूर्त नेहमीप्रमाणे टळून गेलेला. आमच्या भागात लग्नात अक्षतांच्या आधी सत्काराची मोठी चाल. माईकवर नाव पुकारायचं, पाहुण्यानं स्टेजवर यायचं, मुलीच्या बापानं फेटा बांधायचा. एखादं नाव राहिलं की भांडण पिढ्यान्‌पिढ्या पुरतं.

आषाढात आम्ही व्हिडिओ दिला. वडगावला सगळी भावकी टीव्हीपुढे बसली. नवरदेवाच्या मामाला फेटा, आत्याच्या नवऱ्याला फेटा, अगदी वऱ्हाडाच्या जीपवाल्याच्या डोक्यावरसुद्धा फेटा. आणि नवरदेवाचे थोरले चुलते, ज्यांच्या शब्दाशिवाय त्या घरात पान हलत नाही ते आबा, कुठंच नाहीत. कुणीतरी विचारलं, आबा, तुमचा फेटा? आबांचं तोंड उतरलं. म्हणाले, "मला बांधलाच न्हाई." झालं. घरात आग पेटली. आबांनी फर्मान काढलं, की जोवर त्या व्हिडिओत माझा फेटा दिसत नाही, तोवर सून पंचमीला माहेरी जाणार नाही.

लग्नानंतरची पहिली पंचमी! आमच्याकडे लेक दिवाळीला नाही आली तर चालतं, पंचमीला आलीच पाहिजे. हॉटेलवाल्यांच्या बायकोनं लिंबाला झोका बांधून ठेवला होता, बांगड्या भरून घ्यायला कासारणीला सांगून ठेवलं होतं. आता ती माउली जेवत नव्हती. हॉटेलवाले आमच्या बाकावर येऊन बसले आणि टोपी हातात घेऊन त्या टोपीकडेच बघत बोलायला लागले.

"मामा, मी बांधलाय हो. नाव पुकारल्यालं मला आठवतंय. हातात लाल फेटा घेऊन मी हुभा व्हतो. एवढ्या जणांस्नी बांधले, आबास्नीच कसा इसरंन?"

तेवढ्यात त्यांच्या फोनवर लेकीचाच फोन आला. ती चोरून, हळू आवाजात बोलत होती. "आप्पा, सापडला का फेटा? हितं कुणी माझ्यासंगं धड बोलंना. मला घरी यायचंय."

मामांनी फोन हिसकावूनच घेतला. "ए पोरी, मी व्हिडिओवाला मामा बोलतोय. माझ्याकडं फ्रेम हरवत न्हाई. आबांचा फेटा काढून आणतो. तू पिशवी भरून ठिव."

फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "करपलेली बुंदी काढ."

'बुंदी, जरा करपलेली' ही डिस्क मामींच्या तांदळाच्या डब्यात निघाली. मामांच्या हातातल्या कॅमेऱ्यात त्या वेळचं काही नव्हतं. एक पुढारी गाडीतून उतरत होते, मामा त्यांच्या मागं पळाले होते. मग राहिला उभा कॅमेरा. मामा प्रत्येक लग्नात मांडवाच्या कोपऱ्याला उंच बांबूवर एक कॅमेरा बांधून सोडून द्यायचे. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसता बघत बसायचा. त्यातलं आम्ही कधी काही घेत नसू, तरी सगळं कन्व्हर्ट व्हायचं. ते अवाढव्य काम बघून मी दरवेळी कुरकुरायची.

आम्ही दोघं स्टुलं ओढून बसलो. चित्रात सगळा मांडव दिसत होता, स्टेज लांब, आणि डाव्या हाताला कनातीचा पडदा. पडद्यापलीकडे आचाऱ्याच्या कढया. बांबू उंच असल्यानं पलीकडचंही दिसत होतं. माईकवर आबांचं नाव आलं. हॉटेलवाले खरोखरच लाल फेटा घेऊन उभे होते. नाव परत पुकारलं. हॉटेलवाले चौफेर बघत होते. तिसऱ्यांदा पुकारलं. तेवढ्यात जीपवाला खुर्च्या घेऊन स्टेजवरून चालला होता. गर्दीत, घामात, घाईत कुणीतरी त्याला पुढं ढकललं आणि तो लाल फेटा त्याच्या डोक्यावर बसला. खुर्च्या हातातच होत्या.

"आबा कुठंयत?" मी म्हटलं.

मामांनी कॉम्प्युटरच्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

कनातीमागे, कढईच्या शेजारी, उकिडवे बसलेले आबा होते. हातात द्रोण, द्रोणात बुंदी. नाव पुकारलं तेव्हा त्यांचा घास तोंडाशी थांबला. त्यांनी कनातीकडे बघितलं. मग द्रोणाकडे बघितलं. परत कनातीकडे. आणि मग खांद्यावरचा पंचा सारखा करून त्यांनी आचाऱ्यापुढे द्रोण आणखी भरायला धरला.

मी पोट धरून हसले. डोळ्यांतून पाणी आलं. मामा हसले नाहीत.

"आबांस्नी शुगर हाय," ते म्हणाले. "घरात सुना गुळाचा खडा लपवून ठिवत्यात. अन् अक्षता पडायच्या आदी नवऱ्या मुलाचा थोरला चुलता आचाऱ्यापशी बसून बुंदी खातोय. हे भावकीनं बघितलं तर त्यो माणूस ओसरीवर बसायचा न्हाई."

"मग बघू द्या की!" मी म्हटलं. मला तर जिंकल्यासारखं झालं होतं. "बोलावलं होतं, हेच आले नाहीत. ही क्लिप दाखवा. हॉटेलवाले सुटले."

"हॉटेलवाला सुटंल. पोरगी अडकंल. पंचमी करून तिला त्याच घरात जायचंय, अन् आबांचं ताट तिलाच वाढायचंय. समद्या गावानं जे बघितलं त्येचा राग आबा कुणावर काढणार?"

मामा यूपीएसवर पाय ठेवून बसले. मी म्हटलं, मग सांगा की फाईल खराब झाली. मामा माझ्यावर खेकसले, "मी खोटं बोलत न्हाई." मग एकदम उठून म्हणाले, "हीच क्लिप परत कन्व्हर्टला लाव."

मला काही कळेना. मी लावली. उदबत्ती लागली नाही, हे माझ्या लक्षात आलं. हिरवी पट्टी निम्म्यावर आली तसे मामा बाहेर गेले आणि चाचांच्या दारात उभे राहिले.

"चाचा, गिरणी चालू करा."

चाचा पीठ झाडत होते, ते तसेच थांबले. "कन्व्हर्ट चल रा ना?"

"चालू हाय. तुमी गिरणी चालू करा."

"तबियत ठीक है ना मामा?"

"चाचा, मी पाया पडू का?"

गिरणी धडधडली. लाईट खाली बसली. टेबलफॅन मंदावला, पडदा काळा झाला. इतक्या वर्षांत जे होऊ नये म्हणून सगळी गल्ली खिचडी खात होती, ते झालं. कॉम्प्युटर परत सुरू केला तेव्हा नवी फाईल तुटलेली होती, उघडत नव्हती. मामांनी ती दोनदा उघडून खात्री केली. मग म्हणाले, "आता ती जुनी पुस."

मी माऊस धरला. कार्डं कधीच पुढच्या लग्नांना वापरली गेली होती, ही एकच प्रत उरली होती. मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. या माणसानं कधी नुसत्या पायांचा व्हिडिओसुद्धा पुसू दिला नव्हता. मी पुसली. "झालं?" त्यांनी विचारलं. झालं म्हटलं. त्यांनी नाक शिंकरलं आणि बाजारातून एक लाल फेट्याचं कापड आणायला गेले.

दुसऱ्या दिवशी हॉटेलवाले, मामा आणि कॅमेरा घेऊन मी, असे जीपनं वडगावला गेलो. ओसरीवर भावकी बसलेली. मधे आबा, चेहरा दगडाचा. दाराआड लेक उभी होती, आणि तिच्या पायापाशी भरलेली पिशवी. पोरीनं मामांच्या शब्दावर ती भरून ठेवली होती.

मामा बसले नाहीत. हात जोडून उभे राहिले आणि बोलले. "आबा, माईकवर तुमचं नाव पुकारलं. एकदा न्हाई, तीनदा. हॉटेलवाले लाल फेटा घेऊन हुभे व्हते. त्याच्या म्होरलं ज्या फाईलीत व्हतं, ती फाईल माझ्या कन्व्हर्टमधी तुटली. गिरणी चालू झाली, लाईट गेली, फाईल गेली. हॉटेलवाल्याची चूक न्हाई. चूक माझी हाय."

मी एकेक शब्द मनात तपासला. त्यात एकही खोटा नव्हता.

आबा मामांकडे बघत राहिले. त्या दोघांमध्ये काय चाललंय ते मला कळत होतं, आणखी कुणालाच कळत नव्हतं. आबांच्या कपाळावर घाम आला. मग ते खाकरले.

"लाल व्हता न्हवं?"

"लालच व्हता आबा!" हॉटेलवाले जवळजवळ ओरडले. त्या बिचाऱ्याला अजूनही वाटत होतं की आपण तो आबांनाच बांधला.

"हां. मंग बांधलता. आता ध्यानात येतंय."

एक पुतण्या म्हणाला, "आबा, तवा तर तुमी म्हनलात, बांधलाच न्हाई?"

"गर्दीत काय ध्यान ऱ्हातंय बे!" आबा गरजले. "तू गप बस."

"तुटली ती तुटली," मामा म्हणाले. "आता मी बांधतो, माझ्या हातानं." त्यांनी आबांना फेटा बांधला. मामांना फेटा बांधता येत नव्हता. तो एका कानावर घसरला आणि मागून शेपूट लोंबायला लागलं, पण आबा ताठ बसून राहिले आणि मी कॅमेरा चालवत राहिले. बायका हसत होत्या. दाराआडची लेकही हसली. चहा आला. थोरल्या सुनेनं आबांच्या हातात बिनसाखरेचा कप वेगळा दिला.

ही बातमी आमच्या आधी केजला पोचली. मामांच्या मशीननं लग्न खाल्लं, असं लोक म्हणायला लागले. पुढच्या लग्नसराईत ठरलेली काही कामं शेजारच्या गल्लीतल्या स्टुडिओकडे गेली, त्याच स्टुडिओकडे, जिथं आधी अक्षता पडतात आणि मग सावधान होतं. मामांनी पेंटर बोलावून बोर्डावरची ती ओळ पुसून घेतली. मी भांडले. म्हटलं, तुम्ही हरवली नाही, तुम्ही मुद्दाम तोडली. ते म्हणाले, "तुटली का न्हाई? मंग." चाचांनी तर स्वतःलाच दोष लावून घेतला होता. गिऱ्हाइकांना सांगायचे, "मामा का कसूर नै, गिरनी मेरी थी."

आता मी पुण्यात एका कंपनीत एडिटिंग करते. इथली मशीनं कॅमेऱ्याची फाईल कच्चीच खातात आणि त्यांना काही होत नाही. कुणी वाट बघत नाही. मला मामांची फार आठवण येते.

त्या दिवशी वडगावहून निघतानाचं सांगायचं राहिलं. लेक पिशवी मांडीवर घेऊन जीपमध्ये मधल्या सीटवर बसली होती, बापाला चिकटून. मामांनी पायरीवर पाय ठेवला, तेवढ्यात आबा तो घसरलेला फेटा सावरत आले आणि त्यांनी मामांचं कोपर धरलं. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "मामा, त्या कनातीच्या अंगाला, बांबूवर बी एक कॅमेरा व्हता न्हवं?"

"व्हता."

आबांनी मागं ओसरीकडे बघितलं. "मंग?"

"तीच फाईल तुटली, आबा."

आबांनी कोपर सोडलं नाही. ते धरूनच जीपच्या खिडकीत वाकून त्या पोरीला म्हणाले, "ए सूनबाई, पंचमी झाली म्हणून लगीच पळत येऊ नगंस. आईपशी चार दिस जास्तीच ऱ्हा."